चौकटी सगळ्या भरा

(सिडनीतील मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘पहिल्या पसंतीची मतं’ हा शब्द नवा नाही. जांभळ्या शाईचा पेन, नावापुढे शिक्क्याऐवजी आकडा, आणि मग जिंकायला लागणारा मतांचा कोटा पूर्ण होईना म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजत रात्र काढायची. तिकडे ती पदवीधरांची आणि शिक्षकांची खास सोय आहे. इथे गवंडी असो की सर्जन, प्रत्येक जण असंच मत देतो, १९१८ पासून देतो, आणि न दिल्यास दंड भरतो.

मला विषय दिला आहे राष्ट्रीय एकात्मतेचा. या विषयावर बोलणारे बहुतेक जण मनं जुळवण्याबद्दल बोलतात. मनं जुळली तर उत्तमच, पण पावणेतीन कोटींच्या देशात, जिथे २०२१ च्या जनगणनेनुसार २७.६ टक्के लोक परदेशात जन्मलेले आहेत, सगळ्यांची मनं जुळण्याची वाट पाहत बसता येत नाही. न जुळणाऱ्या माणसांनाही एकमेकांची गरज पडेल अशी व्यवस्था लागते. ती व्यवस्था म्हणजे संघीय प्रतिनिधिगृहाची, इथल्या लोकसभेची, हिरवी मतपत्रिका. आज तिच्याबद्दलच बोलतो.

आधी भांडण कशावरून आहे ते पाहू. ३१ ऑगस्ट २०२५ ला ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ नावाने शहराशहरांत स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं की ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले. आता आकडे बघा. भारतात जन्मलेले लोक २०१६ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ५५ हजार होते, २०२१ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ७३ हजार. पाच वर्षांतली वाढ २ लाख १८ हजार. इटली आणि ग्रीसमध्ये जन्मलेले लोक १९७१ च्या एकाच जनगणनेत मिळून ४ लाखांच्या वर होते. पुढच्या वेळी ऑफिसात कोणी हे वाक्य टाकलं, तर रागावण्यापेक्षा हे आकडे सांगा.

पण त्यांचं सगळंच खोटं आहे असंही समजू नका. २०२२-२३ मध्ये निव्वळ स्थलांतर ५ लाखांच्या वर गेलं, हे खरं आहे, आणि त्याच वेळी घरभाडी भडकली हेही खरं आहे. निव्वळ म्हणजे आलेले वजा गेलेले. १६ महिन्यांच्या काळात जो एकूण १२ महिने इथे राहतो, तो मोजणीत येतो, मग त्याचा व्हिसा कायमचा असो की विद्यार्थ्याचा. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली. पुढची जवळजवळ दोन वर्षं नवे विद्यार्थी फारसे आलेच नाहीत. साधारण दोन-तीन वर्षांचा कोर्स संपवून जे परत जायचे, ते २०२२-२३ मध्ये जायला मुळात इथे होतेच कुठे? येणारे एकदम आले, जाणारे नव्हते, म्हणून वजाबाकी फुगली. पुढच्या वर्षांत ती उतरलीही. कायमच्या स्थलांतराचा वार्षिक कोटा मात्र २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये १ लाख ८५ हजार होता. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की टीव्हीवर तासभर भांडण चालतं. आपल्याच लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांत पीआरचा (कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाचा) कोटा आणि निव्वळ स्थलांतर यांची सर्रास गल्लत होते. मोर्चेवाल्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता मतपत्रिका. समजा एखादा पक्ष केवळ स्थलांतरितांविरुद्धच्या रागावर उभा राहिला. जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो अशा पद्धतीत त्याला ३५ टक्के मतं पुरतात, बाकीची ६५ टक्के फुटली की झालं. इथे पुरत नाहीत. ३ ऑक्टोबर १९९८ च्या संघीय निवडणुकीत क्वीन्सलंडच्या ब्लेअर मतदारसंघात स्थलांतरविरोधी ‘वन नेशन’ पक्षाच्या पॉलीन हॅन्सन यांना पहिल्या पसंतीची ३६ टक्के मतं मिळाली, सगळ्यांत जास्त. डावीकडच्या लेबरला २५, उजवीकडच्या लिबरलला जेमतेम २२ आणि त्याच्या मित्रपक्षाला, नॅशनलला १०. मग शेवटच्या क्रमांकाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. नॅशनलची मतं लिबरलकडे गेली, म्हणून लिबरल लेबरच्या पुढे सरकला. लेबर बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांनी, लिबरल आवडत नसतानाही, त्यालाच वरचा क्रमांक दिलेला निघाला. तिसऱ्या क्रमांकावरचा उमेदवार ५३ टक्क्यांनी निवडून आला. त्या वर्षी वन नेशनला देशभर खालच्या सभागृहात ८ टक्क्यांच्या वर मतं होती आणि जागा शून्य.

हे ऐकून खूश होण्याआधी त्याच वर्षीची दुसरी गोष्ट ऐका. जून १९९८ मध्ये क्वीन्सलंडच्या राज्य निवडणुकीत याच पक्षाने जवळजवळ २३ टक्के मतं आणि ८९ पैकी ११ जागा घेतल्या होत्या. कारण लिबरल आणि नॅशनल पक्षांनी, क्रमांक कसे लिहावेत हे मतदारांना सुचवणाऱ्या आपल्या पत्रकांवर, त्याला लेबरच्या वर क्रमांक दिला होता. ऑक्टोबरमध्ये मोठ्या पक्षांनी त्याला तळाला ढकललं. म्हणजे यंत्र जवळजवळ तेच, पण ते भिंत होईल की दार, हे बाकीचे पक्ष दुसरा क्रमांक कोणाला देतात यावर ठरतं. २०२५ च्या मे महिन्यात लिबरल-नॅशनल आघाडीच्या अनेक मतदारसंघांतल्या पत्रकांवर वन नेशन दुसऱ्या क्रमांकावर होता. तेव्हा केंद्राबाहेर हातात पडलेलं पत्रक नुसतं घडी करून खिशात टाकू नका, दुसरा-तिसरा क्रमांक कोणाला दिलाय तो वाचा. पक्षाची भाषणं गोड असतात, पत्रक खरं बोलतं. आणि ते पत्रक निव्वळ शिफारस आहे. क्रमांक तुम्ही लिहाल तेच धरले जातात.

या पद्धतीचा जन्म काही थोर विचारातून झालेला नाही, हेही सांगायला हवं. १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात उजव्या बाजूची मतं फुटली आणि लेबरचा २२ वर्षांचा एडविन कॉर्बॉय सुमारे ३४ टक्क्यांवर निवडून आला. सत्ताधारी घाबरले आणि वर्षअखेरीच्या आत कायदा बदलला. सक्तीच्या मतदानाचंही तसंच. १९२२ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्या खाली गेलं होतं. १९२४ मध्ये टास्मानियाच्या हर्बर्ट पेन या सिनेटरने (सिनेट म्हणजे वरचं सभागृह) खासगी विधेयक आणलं आणि १९२५ मध्ये मतदान ९१ टक्क्यांवर पोचलं. सगळेच येणार हे नक्की असल्यामुळे इथल्या पक्षांना आपल्या लोकांना संतापवून घराबाहेर काढावं लागत नाही. इतर देशांत निम्मा प्रचार त्यावरच खर्च होतो. सक्तीला ज्यांचा तात्त्विक विरोध आहे, त्यांना एवढंच म्हणेन की कायदा पत्रिका भरायलाही सांगतो, पण प्रत्यक्षात तपासली जाते ती फक्त हजेरी. पडद्यामागे कोरी पत्रिका टाकलीत तर कोणी पाहत नाही.

१९२५ सालाशी आपला एक धागा आहे. १९०२ च्या कायद्याने आशियातल्या ‘मूळ निवासीं’ना संघीय मताधिकार नाकारला होता, मग ते ब्रिटिश प्रजाजन का असेनात. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात आले. पुण्यातल्या भारत सेवक समाजात गोखल्यांच्या मागून अध्यक्ष झालेले तेच शास्त्री. इथे स्थायिक भारतीयांना मत द्या, हा मुद्दा त्यांनी सरकारपुढे लावून धरला. १९२५ मध्ये कायदा बदलला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या इथल्या रहिवाशांना संघीय मत मिळालं. या भूमीच्या आदिवासींना ते सर्वांना १९६२ मध्ये मिळालं. आपण ३७ वर्षं आधी! ‘आम्ही रांगेत उभे राहून, नियमाने आलो’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. ते बोलताना ही रांग आठवायला हरकत नाही.

आता आपल्या हातून काय चुकतं ते.

सगळ्यांत जास्त घोटाळा आपल्या राज्यातच होतो. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला नुसता १ लिहिला तरी मत वैध. संघीय प्रतिनिधिगृहाला हिरव्या पत्रिकेवर नुसता १ लिहिला की मत बाद. तिथे प्रत्येक चौकटीत क्रमांक हवा. सवय एका निवडणुकीची लागते आणि मत दुसऱ्या निवडणुकीत बाद होतं. पश्चिम सिडनीतले फाउलर, ब्लॅक्सलँड, वॉटसन हे स्थलांतरितांचे मतदारसंघ बाद मतांच्या यादीत दरवेळी देशात वरच असतात. २०२२ मध्ये फाउलरचा आकडा १० टक्क्यांच्या आसपास होता, देशाची सरासरी ५ च्या थोडी वर. काही लोक रागाने बाद करतात, पण नुसता १ लिहिलेल्या, टिक किंवा फुली मारलेल्या पत्रिकांचा ढीगही मोठा असतो.

हिरव्या पत्रिकेवर क्रमांक दोनदा आला किंवा मधला सुटला, तर मत बाद. सवलत एकच आहे: फक्त एक चौकट रिकामी राहिली तर ती शेवटची पसंती धरतात. आठ उमेदवार असतील तर आधी ज्याला अजिबात निवडायचं नाही त्याला ८ द्या, मग ७, आणि खालून वर या. बऱ्याच जणांना नकार लवकर सुचतो, त्यामुळे हे सोपं जातं. आकडे इंग्रजी लिहा. आपला देवनागरी १ मोजणाऱ्याला इंग्रजी नऊ वाटेल आणि ४ आठ वाटेल. नाव किंवा सही कुठेही करू नका. खाडाखोड झाली तर लाजू नका, ती पत्रिका परत देऊन दुसरी मागता येते, पेटीत टाकण्याच्या आत.

सिनेटची पांढरी पत्रिका लांबलचक असते, तिला घाबरण्याचं कारण नाही. जाड रेघेच्या वर पक्षांना किमान ६ क्रमांक, नाहीतर रेघेखाली उमेदवारांना किमान १२. तिथे वर नुसता १ असला तरी मत वाचतं, पण तो पक्ष बाद झाला की तुमची पत्रिका बाजूला पडते. पुढच्या लढतीत तुम्ही नाही.

नोंदणीकडे येतो. नागरिकत्वासाठी कायदेशीर वास्तव्याची चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर, चार वर्षांत १२ महिन्यांहून आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त बाहेर नाही. दिवाळी, लग्न आणि आजारपण धरून आपले लोक या ९० दिवसांतच अडकतात, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आधी मोजा. परीक्षेत २० प्रश्न, १५ बरोबर हवेत आणि मूल्यांवरचे पाचही बरोबर हवेत. त्या पाचांतला एक चुकला तर १९ गुण असूनही नापास. नागरिकत्वाच्या समारंभात फोटो काढून, बऱ्याच ठिकाणी हाती दिलेलं रोपटं घेऊन आपण घरी येतो आणि मतदारयादीचा अर्ज तसाच पिशवीत राहतो. नोंदणीही सक्तीची आहे. घर बदललं, महिना झाला, की २१ दिवसांत पत्ता बदला. नाहीतर मत न दिल्याच्या दंडाचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. संघीय निवडणुकीत तो दंड २० डॉलर, राज्याच्या निवडणुकीत ५५.

आणखी एक. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं संपतं, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर) तिकडे मत देता येत नाही. पीआरवाले भारतीय नागरिक मात्र फॉर्म ६अ भरून आपल्या गावच्या यादीत राहू शकतात, फक्त मत द्यायला स्वतः जावं लागतं. दोन्हीकडे मत नसलेले लोक आपल्यात बरेच आहेत आणि राजकारणावर सगळ्यांत जोरात तेच बोलतात, हे मी नोंदवून ठेवतो.

आपण सगळ्यांनी मिळून एकाच पक्षाला मत द्यावं का, असा प्रश्न आधीच चिठ्ठीवर आला आहे. माझं उत्तर नाही असं आहे. ज्याची सगळी मतं आधीच ठरलेली आहेत, त्याच्या दारी दुसरा क्रमांक मागायलाही कोणी येत नाही. शिवाय ‘हे लोक आमच्या विरोधकांची मतपेढी म्हणून आणले जातात’ असं म्हणणाऱ्यांना पुरावा आपणच का पुरवायचा?

शेवटी कामाची गोष्ट. मतदान केंद्रावर बसायला निवडणूक आयोगाला देशभर हजारो माणसं लागतात, आणि दोन भाषा येणाऱ्यांना मागणी असते. काम पगारी आहे, नाव ऑनलाइन नोंदवायचं, तुम्ही स्वतः मतदारयादीत हवे आणि पक्षाचं काम करत नसावं. दिवस लांबतो: सकाळी आठला केंद्र उघडतं, सहाला बंद होतं, मग पत्रिका उलगडून पहिल्या पसंतीची मोजणी. न्यू साउथ वेल्सची पुढची राज्य निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे. तिचा आयोग वेगळा, नोंदणी वेगळी. दोन्हींच्या नोंदणीचे पत्ते चहाच्या टेबलाजवळ लावले आहेत.