मंगळावरून खोडदला सिग्नल आला, मधे काहीच नव्हतं तरी

१९ ऑक्टोबर २०१६, रात्रीचे आठ वाजून गेलेत. जुन्नर तालुक्यातलं खोडद गाव, नारायणगावपासून जवळच. इथल्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ लाटा ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या डिश मंगळाकडे तोंड करून उभ्या आहेत, कारण तिकडे शियापारेली नावाचं युरोपचं छोटं यान मंगळावर उतरतंय आणि उतरता उतरता रेडिओ सिग्नल पाठवतंय. तो सिग्नल खरं तर आपल्यासाठी नव्हताच, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी तो पकडायचा असं ठरलेलं, पण इतका क्षीण सिग्नल पृथ्वीवरून थेट ऐकता येतोय का हे बघायचा प्रयोग खोडदला चालू होता. आणि तो ऐकू आला.

अंतर बघा, साधारण १७.५ कोटी किलोमीटर. सिग्नलला यायला जवळपास दहा मिनिटं लागली. आणि या सगळ्या वाटेत जवळजवळ काहीच नाही, हवा नाही, पाणी नाही, तार तर नाहीच.

मग आला कशावरून?

हा प्रश्न अजिबात बाळबोध नाहीये, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जगातली सगळ्यात हुशार माणसं याच्यावर अडून बसली होती. कारण लाट म्हटलं की काहीतरी हलायला पाहिजे ना. आवाज म्हणजे हवा हलते, तळ्यातली लाट म्हणजे पाणी हलतं, काचेच्या हंडीतली हवा काढून घेतली की आतली घंटा वाजताना दिसते पण ऐकू येत नाही. मग प्रकाशाची लाट, रेडिओची लाट, यात हलतं काय? तेव्हाच्या लोकांनी सांगितलं की सगळं विश्व एका न दिसणाऱ्या पदार्थाने भरलंय, त्याला ईथर म्हणायचं, तो हलतो.

आता यानाच्या अँटेनापाशी जाऊ. धातूचा छोटासा भाग, त्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ४० कोटी वेळा पुढेमागे हलवले जातायत. इलेक्ट्रॉनभोवती विद्युत क्षेत्र असतं, म्हणजे आसपास दुसरा कुठलाही विद्युतभार ठेवला तर त्याला ढकलायची किंवा ओढायची त्या जागेतली तयारी. हे क्षेत्र असायला हवा लागत नाही, ते रिकाम्या जागेतही असतं, इथेच सगळी गोम आहे. इलेक्ट्रॉन हलला की त्याच्याजवळचं क्षेत्र बदलतं पण लांबच्या क्षेत्राला त्याचा पत्ता नसतो, तो बदल एका ठराविक वेगाने बाहेर सरकत जातो. बदलतं विद्युत क्षेत्र असेल तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र असेल तिथे विद्युत क्षेत्र, दोघं एकमेकांना धरून पुढे जातात आणि मागे अँटेना बंद झाला, मोडला, काहीही झालं तरी निघालेल्या लाटेला फरक पडत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण बऱ्याच ठिकाणी ती चुकीची दाखवतात. आधी विद्युत मग चुंबकीय मग परत विद्युत, असं आळीपाळीने नसतं ते. रिकाम्या जागेतल्या लाटेत दोन्ही क्षेत्रं एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी शून्यावर येतात, फक्त त्यांच्या दिशा एकमेकींना काटकोनात आणि लाट जातेय त्या दिशेलाही काटकोनात. म्हणजे हलतंय काय तर हे क्षेत्रच. त्याला वाहून नेणारं दुसरं कुणी नाही.

हे गणितातून बाहेर काढलं भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, त्याचा पेपर १८६५ सालचा. आणि मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो असा की त्याने वापरलेला आकडा वेबर आणि कोलराउश या दोघांनी १८५६ मध्ये प्रयोगशाळेत मोजलेला, विद्युतभार साठवायच्या बरणीत किती भार मावतो आणि तो वाहिला की किती चुंबकत्व दिसतं एवढंच मोजलेलं, प्रकाशाचा त्यात काही संबंधच नाही. त्या आकड्यातून लाटेचा वेग आला सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या थोडा वर, आणि फ्रान्समध्ये फिझोने दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेगही जवळपास तेवढाच! म्हणजे प्रकाश हीच एक विद्युतचुंबकीय लाट. पुढे १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला हाइनरिख हर्ट्झने एका ठिकाणी ठिणगी पाडून लांबच्या तारेच्या फटीत बारीकशी ठिणगी उमटवून दाखवली आणि रेडिओ लाटा खऱ्याच असतात हे सिद्ध झालं.

मॅक्सवेल स्वतः मात्र ईथर मानायचा. १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ली यांनी वालुकाश्माची जाड फरशी पाऱ्यावर तरंगत ठेवली, म्हणजे ती सावकाश फिरवता येते आणि हादरे बसत नाहीत. त्यावर आरसे लावून प्रकाशाचा एक किरण दोन वाटांनी पाठवला. पृथ्वी ईथरमधून पळत असेल तर एका दिशेला प्रकाशाला जास्त वेळ लागायला हवा. फरशी फिरवून बघितलं, अपेक्षित फरक आलाच नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइनने ईथरची गरजच नाही म्हणून तो विषय बाजूला ठेवला, प्रकाशाचा वेग सगळ्यांसाठी तोच, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर.

बरं मग रिकाम्या जागेत काही अडवणारंच नाही तर मंगळाचा सिग्नल इतका क्षीण का होतो? कारण तो पसरतो. लोण्याचा गोळा तेवढाच आणि भाकरी मात्र मोठी मोठी होत जाते, तसं. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच जागेत पडणारी ऊर्जा चौथा हिस्सा होते. वाटेत ऊर्जा कुणी खात नाही, एकूण हिशोब केला तर ती सगळी शाबूत असते, फक्त आपल्या डिशच्या वाट्याला त्यातला कण येतो.

लाटेला त्रास होतो तो वस्तूचा, रिकामेपणाचा नाही. यान मंगळाच्या वातावरणात जोरात घुसतं तेव्हा पुढची हवा तापून प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, आणि त्यातून सिग्नल नीट बाहेर पडत नाही, अशा वेळी थोडा वेळ काहीच ऐकू न येणं हे आधीच धरलेलं असतं. आपल्या डोक्यावरचं आयनोस्फियरही, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, कमी फ्रिक्वेन्सीच्या लाटा परत पाठवतं. ताऱ्यांमधल्या जागेतही अगदी विरळ इलेक्ट्रॉन असतातच, एका घनसेंटीमीटरला सरासरी एकसुद्धा भरत नाही इतके विरळ, तरी त्यांचाही परिणाम दिसतो. क्रॅब नेब्युला या वायूच्या ढगातला पल्सार, म्हणजे ठराविक वेळाने रेडिओ ठोके पाठवणारा मेलेला तारा, साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षं लांब आहे, त्याचे ४०० मेगाहर्ट्झचे ठोके अगदी वरच्या फ्रिक्वेन्सीच्या ठोक्यांपेक्षा जवळपास दीड सेकंद उशिरा येतात. साडेसहा हजार वर्षांच्या प्रवासात दीड सेकंद! आणि तेवढाही उशीर त्या इलेक्ट्रॉनमुळे, जागेमुळे नाही.

शियापारेलीचं पुढे वाईट झालं. पॅराशूट उघडल्यावर यान गिरक्या घेऊ लागलं, गिरकी मोजणारा सेन्सर साधारण सेकंदभर कमाल आकड्यावरच अडकला, कॉम्प्युटरने हिशोब केला की आपण जमिनीच्याही खाली आहोत, मग पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीनेक सेकंदांत बंद केली, आणि यान तेव्हा ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. खोडदला सिग्नल उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडा आधी थांबला. तो थांबलेला कळला तेव्हा तिकडे सगळं होऊन दहा मिनिटं झालेली.

याच डिशनी याच्यापेक्षा कितीतरी लांबचं ऐकलंय. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटरची रेडिओ लाट सोडतो, आणि २०२० मध्ये जीएमआरटीच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ आकाशगंगांचे सिग्नल एकत्र करून साधारण आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ही लाट ओळखली, एकेकट्या आकाशगंगेचा सिग्नल ऐकू येण्यासारखा नव्हताच. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं आणि लाट ताणून साधारण दुप्पट लांबीची झाली. रिकाम्या जागेने तिला ताणलं पण संपवलं नाही.

आणि ही दुर्बीण जवळून बघाल तर भरीव पत्रा दिसणार नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात साधारण इंग्रजी वाय (Y) अक्षराच्या आकारात मांडलेल्या, आणि प्रत्येकीचा पृष्ठभाग म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी, दोऱ्यांवर ताणलेली. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना, त्यामुळे वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी आणि खर्चही आटोक्यात. जाळीची भोकं एक ते दोन सेंटीमीटरची, त्यातून आभाळ आरपार दिसतं, कारण डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लाट त्या भोकापेक्षा फार फार बारीक आहे. मंगळावरून आलेली रेडिओ लाट मात्र ७५ सेंटीमीटरची, तिच्यासाठी ही जाळी म्हणजे सलग आरसाच. लाट तीच, वेग तोच, फरक फक्त लांबीचा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांना ही दुर्बीण बघता येते, पोरांना घेऊन जरूर जा. फक्त डिशजवळ मोबाईल बंद ठेवा, कारण अब्जावधी वर्षं कुठेही न अडलेली लाट शेवटच्या शंभर मीटरवर आपल्या खिशातल्या फोनमुळे झाकली जाऊ शकते.