सहा शायांचा करडा

(दृश्य: कारखान्याचं दार. आत अंधार. हळूहळू भोपळ्यांचे आकार दिसू लागतात.)

मिरजेतली सतारमेकर गल्ली. वाळवलेले भोपळे पार छतापर्यंत रचलेले आहेत. दारातून येणारा उजेड पहिल्या रांगेपर्यंत पोचतो आणि तिथंच थांबतो. मागे नुसता काळोख, पण त्या काळोखातही भोपळे आहेत. डोळा सरावला की एकेक दिसतो.

इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून कॅमेरे घेऊन येणारे वाढले. फोटो भरपूर निघतात आणि बहुतेक फोनमध्येच राहतात. ज्यांचे काढले, त्यांच्या भिंतीवर त्यातला एकही लागत नाही.

ही फिल्म त्यातल्या एका फोटोची आहे. तो कागदावर कसा उतरला, तेवढंच आपण बघणार आहोत.

(दृश्य: घरातली खोली. शिलाई मशीनच्या टेबलावर प्रिंटर. ताई कागदाचं पाकीट उघडतात.)

ताई मिरजेतच शाळेत विज्ञान शिकवतात. सुट्टीच्या दिवशी गल्लीत फोटो काढतात आणि रात्री घरी छापतात. प्रिंटर साधाच, टाकीवाला, सहा शायांचा: काळी, सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी, शिवाय फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं ज्याच्यावर निघतं तसलाच. या यंत्राकडून चांगला ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून घ्यायचा, असं ताईंनी मनावर घेतलं आहे.

(दृश्य: स्क्रीनवर फोटो. तानपुऱ्याला पॉलिश करणारा कारागीर.)

हा तो फोटो. तुंब्यावर, म्हणजे तानपुऱ्याच्या भोपळ्यावर, काळ्या पॉलिशचा हात फिरतोय. पॉलिशमध्ये खिडकीची एक उभी रेघ चमकतेय. मागची भिंत धुरकटून काळी झालेली. कारागिराचे केसही काळे. एकाच चौकटीत तीन काळे, आणि तिघांची जात वेगळी. पॉलिशचा काळा ओला वाटतो, भिंतीचा कोरडा, केसांचा मऊ. हे तीन काळे कागदावर वेगवेगळे उतरले, तरच फोटो उतरला.

(दृश्य: पहिली प्रिंट बाहेर येते.)

आणि हा पहिला कागद. तिन्ही काळे एक झालेत. भिंत गेली, केस भिंतीत गेले, तुंब्याची कडाही हरवली. स्क्रीनला पाठीमागून दिवा असतो. कागदाला तो नसतो. त्याला समोरून पडलेल्या उजेडावरच भागवावं लागतं. म्हणून ताईंनी आधी स्क्रीनचा उजेड चांगलाच खाली आणला. घरी छापणाऱ्यांच्या प्रिंट काळपट येतात, त्याचं निम्मं कारण तिथंच सापडतं.

(दृश्य: भिंगाखाली प्रिंट. अगदी जवळून.)

आता हे बघा. फोटोतल्या गालाचा हा करडा भाग. भिंगाशिवाय सपाट करडा दिसतो. भिंग ठेवलं की निळसर, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात, मध्ये एखादाच काळा. या प्रिंटरचा सगळ्यात लहान थेंब 1.5 पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असे थेंब शेजारी शेजारी पडतात आणि आपला डोळा त्यांचा करडा करून घेतो. कागदावर करडी शाई कुठेच नाही. प्रिंटरच्या पोटातही नाही.

मग फक्त काळ्या शाईनं का छापू नये? प्रिंटरला तसं सांगता येतं. ताईंनी तेही साध्या कागदावर करून बघितलं, हा दुसरा नमुना. गडद भाग बरा आहे. पण उजळ भागात काळे ठिपके इतके विरळ पडलेत की गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. उजळ करडा मऊ यायचा असेल तर फिकट शाया लागतात, आणि घरच्या प्रिंटरमध्ये फिकट शाया रंगीतच असतात. सगळी अडचण या एका ठिकाणी आहे.

(दृश्य: तात्या खुर्चीत. हातात प्रिंट. वर पिवळा बल्ब.)

तात्यांनी गावातल्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये उमेद घालवली. ब्रोमाईडचे, म्हणजे चांदीचा थर असलेल्या फोटो कागदाचे, मोठे मोठे ताव त्यांनी ट्रेमध्ये हलवलेत. ताईंची नवी प्रिंट सगळ्यात आधी त्यांच्या हातात जाते.

"बल्बखाली गुलाबी मारतंय."

"तात्या, जरा दारात या बघू."

"अगं, इथं तर हिरवं मारतंय की!"

प्रिंट तीच, माणूस तोच, फक्त उजेड बदलला. हा भास नव्हे. तीन रंगांनी बांधलेला करडा एका उजेडात तोललेला असतो. बल्बच्या उजेडात तांबडा भाग जास्त, दारातल्या उजेडात निळा जास्त, आणि एलईडीचा हिशेब आणखी वेगळा. प्रत्येक शाई आपापल्या वाट्याचा उजेड परत पाठवते आणि तोल ढळतो. ब्रोमाईडमध्ये ही भानगड फारशी नव्हती, कारण तिथं काळा आणि करडा दोन्ही एकाच पदार्थाचे, चांदीच्या बारीक कणांचे. कण दाट पडले की काळा, विरळ पडले की करडा. तात्यांच्या डोळ्याला सवय आहे ती त्या करड्याची.

(दृश्य: जुन्या ब्रोमाईड प्रिंट. कडा पिवळ्या, काळा अजून गच्च.)

तात्यांच्या पेटीतल्या या प्रिंट बघून घ्या. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' छापाचा माल गावोगावच्या स्टुडिओत जायचा. तो कारखाना आता बंद आहे. डार्करूमही एकेक करून मिटल्या. हे इथं सांगतोय ते हळहळ म्हणून नाही. कृष्णधवल फोटो छापायचं काम आता डार्करूमबाहेर, घराघरांतल्या टेबलांवर आलं आहे. ते तितक्याच निगुतीनं व्हायला हवं.

(दृश्य: जुन्या प्रिंटरांची छायाचित्रे, एकामागून एक.)

प्रिंटरवर कलेचे फोटो छापायच्या कामाची सुरुवातही ब्लॅक अँड व्हाइटपासूनच झाली. गायक ग्रॅहम नॅश फोटोही काढायचा. आपली कृष्णधवल व्यक्तिचित्रं मोठी छापायची म्हणून त्याला आयरिस नावाचं यंत्र सापडलं. ते बनवलं होतं छापखान्यातल्या रंगीत प्रूफसाठी, आणि किंमत होती 1,26,000 डॉलर. मॅक होल्बर्ट या साथीदाराबरोबर 1991 मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला छपाईची जागाच उघडली, नॅश एडिशन्स. छपाईचं यंत्र कलेच्या कागदासाठी वापरायचं म्हणून त्यांनी त्यात हवे तसे फेरफार केले. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढे टेबलावरचे प्रिंटर आले. 2000 मध्ये एप्सन कंपनीनं पिगमेंट शाईचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा, 2000पी हा प्रिंटर काढला. शाई टिकाऊ, पण दिवसाच्या उजेडात त्याचे करडे हिरवे दिसत, म्हणजे तात्यांची तक्रार तिथंही होतीच. त्याच सुमारास अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जॉन कोन यानं सरळ उत्तर शोधलं: प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढायच्या आणि त्या जागी करड्याच्या वेगवेगळ्या छटा भरायच्या. या पद्धतीला पिझोग्राफी म्हणतात. मग 2005 मध्ये एप्सनच्या आर2400 मध्ये एका वेळी तीन काळ्या शाया आल्या: गडद, फिकट आणि त्याहून फिकट. कृष्णधवल छपाईसाठी वेगळी सोयही आली. आजही महागड्या फोटो प्रिंटरमध्ये हीच कल्पना आहे. ताईंच्या टेबलावर तो प्रिंटर नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो येणारही नाही. म्हणून या सहा शायांनी काय साधतं, हे बघणं मला जास्त गरजेचं वाटतं.

(दृश्य: 21 चौकटींची पट्टी. ताईंची पेन्सिल एकेका चौकटीवर.)

ताई आधी ही पट्टी छापतात. 21 चौकटी, कोऱ्यापासून गच्च काळ्यापर्यंत, पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणाऱ्या. छापून झाली की लगेच बघायची नाही. या शाईत पाणी असतं आणि कोरडी होताना छटा सरकतात, त्यामुळे पट्टी रात्रभर टांगून ठेवायची. सकाळी खिडकीपाशी बघायची. ही बघा, 90, 95 आणि 100 एकच झाल्या. दुसऱ्या टोकाला पाच टक्क्यांची चौकट कागदात विरून गेली. म्हणजे या कागदावर या प्रिंटरला किती जागा आहे, ते कळलं. भिंत, केस आणि तुंबा हरवले ते याच तीन चौकटींमध्ये.

(दृश्य: स्क्रीनवर कर्व्ह. खालचं टोक किंचित वर उचललं जातं.)

आता कर्व्ह, म्हणजे फाइलमधली कोणती छटा किती उजळ किंवा गडद व्हायची ते ठरवणारी रेघ. गडद टोकाला ताई रेघ थोडी वर उचलतात, म्हणजे फाइलमध्ये भिंत थोडी उजळते. स्क्रीनवर ती आता पिचकट, धुतल्यासारखी दिसते. घाबरायचं नाही, हा हिशेब स्क्रीनसाठी नाहीच. तुंबा मात्र होता तसाच काळा ठेवायचा. त्यासाठी त्याच्यापुरता भाग निवडून वेगळा कर्व्ह. तात्या हेच काम पुठ्ठ्यानं करायचे. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरच्या उजेडात हात हलवत एक भाग झाकायचा, दुसऱ्यावर जास्त उजेड पाडायचा. झाकणं म्हणजे डॉज, जास्त उजेड पाडणं म्हणजे बर्न, हे शब्दही तिथलेच. त्यांना स्क्रीनवरचं हे काम समजावून सांगावं लागलं नाही.

आणि हिरव्याचं काय? ताईंनी त्याच्यावर एक वाट काढली आहे. अगदी शुद्ध करड्याच्या मागे त्या लागत नाहीत. फाइलमध्ये किंचित उबदार छटा देतात, जुन्या ब्रोमाईडला असायची तशी. कोरा करडा जरा जरी हिरव्याकडे झुकला तरी डोळ्याला टोचतो. उबदार करड्यात तेवढंच सरकणं पचून जातं. कृष्णधवल म्हणजे रंग काढून टाकलेला फोटो, असं धरून एक बटण दाबून मोकळं होणं हा त्या फोटोवर अन्याय आहे. रंग गेल्यावर करड्याची जबाबदारी उलट वाढते.

(दृश्य: दोन कागद शेजारी शेजारी. एक चकचकीत, एक मॅट. ताई तिरके धरून दाखवतात.)

कागद. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, म्हणजे फोटोतला पांढरा हा कागदाचाच. या मॅट कागदाचा पांढरा दुधाळ आहे, पण काळा जेमतेम. घनता 1.6 च्या आसपास, म्हणजे काळ्यावर पडलेल्या उजेडातले शंभरातले अडीच भाग परत येतात. चांगल्या चकचकीत कागदावर घनता 2 च्या पुढे जाते आणि शंभरातला एखादाच भाग परत येतो. पॉलिशचा ओला काळा हवा असेल तर चकचकीतच घ्यावा लागतो. जाड सुती कागद फार देखणा असतो, हातात घेतला की सोडवत नाही, पण या फोटोचा नाही. पावसाळ्यात मिरजेची हवा कागदात शिरते आणि कोपरे वळतात, म्हणून पाकिटं कायम झिपच्या पिशवीत.

(दृश्य: प्रिंटरवर चाचणीची नक्षी. एक रेघ तुटलेली.)

शाई सोडणारं एक छिद्र बुजलंय. फिकट मॅजेंटाची रेघ मध्येच तुटली आहे. उन्हाळ्यात प्रिंटर चार दिवस बंद राहिला की हे होतं. या छिद्रानं करड्याचा तोल पुन्हा हिरव्याकडे जातो, म्हणून चाचणी न करता चांगला कागद घालायचा नाही. सफाई झाली. रेघ पूर्ण.

(दृश्य: अर्ध्या तळहाताएवढी चाचणी पट्टी. तुंब्याची कडा आणि भिंत.)

अजूनही पूर्ण फोटो नाही. आधी जिथं तुंबा, केस आणि भिंत एकमेकांना भेटतात तेवढाच तुकडा. तो साधला की बाकीचा फोटो आपोआप साधतो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, कागदाचा प्रकार बरोबर, दर्जा सर्वांत वरचा, आणि हाय स्पीड बंद. ते चालू राहिलं तर शाई सोडणारं हेड जाताना आणि येतानाही छापतं आणि सपाट करड्यात आडव्या रेषा उठतात.

(दृश्य: पूर्ण फोटो छापला जातो. निवेदन नाही. फक्त प्रिंटरचा आवाज. कागद बाहेर येतो. तात्या भिंग लावतात, मग भिंग काढून फोटो लांब धरतात.)

(दृश्य: कारखाना. कारागिराच्या हातात फोटो. निवेदन नाही.)

फोटो आता कारखान्यात आहे, काचेच्या फ्रेममध्ये. या शाईला हवेतला ओझोन आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत. काच आणि सावली मिळाली तर ती पुष्कळ टिकते. पिगमेंट शाईइतकी नाही. सफाईत वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाच्या पॅडमध्ये साठते आणि तो पॅड कधीतरी बदलावा लागतो. खर्च शाईपेक्षा कागदाचा जास्त आहे.

(दृश्य: ताई पुन्हा टेबलावर. नवी फाइल.)

पुढचा फोटो जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवणाऱ्या, हातांचा. घोडीवर कानस फिरतेय आणि बोटांवर पांढरी भुकटी साचली आहे. यात काळा थोडा आणि पांढरा भरपूर, म्हणून ताईंनी या वेळी मॅट कागद काढलाय. आता पट्टीचं दुसरं टोक तपासायचं आहे: पाच टक्क्यांची चौकट कागदापासून वेगळी दिसते का. दिसली नाही, तर भुकटी दिसणार नाही.