जोडलेली वीज आणि वेगळे बेट

वीजनिर्मिती केंद्रित असावी की विकेंद्रित, हा प्रश्न निघाला की बहुतेक जण मोठे औष्णिक केंद्र एका पारड्यात टाकतात आणि छतावरचे सौर पॅनेल दुसऱ्या. मला ही विभागणी अपुरी वाटते. वीज कोठे तयार होते यापेक्षा, जोडलेली व्यवस्था प्रसंगी सुटी होऊन स्वतःपुरती चालू शकते का, हे मी आधी पाहतो.

जोडणीचे मोल मोठे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण ग्रिड, म्हणजे दक्षिणेकडचे वीजवाहिन्यांचे जाळे, उर्वरित देशाशी ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) एकाच लयीत जोडले गेले. एका भागातील तूट दुसऱ्या भागातील शिलकीने भरून काढणे त्यामुळे सोपे झाले. दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा कोयनेची जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात, ती याच जाळ्याच्या जोरावर.

पण याच जाळ्यातून बिघाडही धावतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. तिच्या जोडीची वाहिनी कामासाठी आधीच बंद होती. भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्या एकामागून एक सुटल्या आणि उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेले आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. दक्षिण ग्रिड तेव्हा डीसी (एकदिश प्रवाहाच्या) दुव्यांनी, म्हणजे लय एक न करता, जोडलेले होते. त्याची आयात घटली, मात्र ते उभे राहिले. जोडण्याची पद्धत किती निर्णायक असते, हे यावरून कळते.

मुंबईला अशा वेळी ग्रिडपासून अलग करून बेटासारखे चालवण्याची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे, आणि तरीही १२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्यावर ते बेट टिकले नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या. बेट टिकायचे तर आतली निर्मिती आणि आतली मागणी यांचा मेळ त्या क्षणी बसावा लागतो. बाहेरची वीज स्वस्त पडते म्हणून आतली जनित्रे थंड ठेवली, तर हा मेळ ऐन वेळी बसत नाही.

छतावरच्या पॅनेलचेही असेच आहे. भर दुपारी पुरवठा जातो, माथ्यावर ऊन असते आणि तरीही साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडला जुळवून देणारे यंत्र) स्वतःला बंद करून घेतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखालची तार त्याने जिवंत ठेवता कामा नये. हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे निर्मिती विकेंद्रित होऊनही घर अंधारात राहते. उलट, पूर्णपणे सुटा सौरपंप ग्रिड गेल्याने अडत नाही, मात्र पावसाळ्यात पिकाला पाणी नको असते तेव्हा त्याची वीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज देण्याची राज्याची योजना मला म्हणूनच मोलाची वाटते: रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर जाण्याची पाळी टळते आणि उरलेली वीज जाळ्यात जाते.

प्राथमिक आरोग्य केंद्रावर पॅनेल बसवायचे असतील, तर लशींचा फ्रीज आणि प्रसूतिकक्षातील दिवे बॅटरीच्या वेगळ्या सर्किटवर घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. काम पूर्ण झाल्यावर मेन स्विच मुद्दाम खाली ओढावा आणि फ्रीज चालू राहतो का, हे सर्वांसमोर पाहूनच बिलावर सही करावी.