निगेटिव्ह टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते जुन्या निगेटिव्ह (उलट्या रंगांची फिल्म) आणि स्लाइड (सुलट्या रंगांची फिल्म) स्कॅन करण्याबद्दल. अल्बममधला फोटो पिवळा पडला की मोबाइल काढून त्याच फोटोचा फोटो घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना हात जोडून विनंती, की त्याच फोटोची निगेटिव्ह पट्टी पाकिटात असेल तर आधी ती शोधा. प्रिंट काढणाऱ्या यंत्राने तेव्हा कडा थोड्या कापल्या, आकाश पांढरं करून टाकलं, सावलीतले चेहरे काळे केले. निगेटिव्हमध्ये हे सगळं अजून शाबूत असतं.

आजच्या गोष्टी दोनच. पहिली, आधी धूळ, मग स्कॅन. दुसरी, स्कॅन झाला तरी निगेटिव्ह टाकायची नाही. दुसरीसाठी एक गोष्ट सांगायची आहे, तिच्याकडे येतोच.

आधी धूळ. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, जाड. 4000 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 4000 ठिपके, असं स्कॅन केलं की एक पिक्सेल सहा मायक्रॉनच्या थोडा वर येतो. म्हणजे पट्टीवर पडलेला एक केस चित्रात अकरा पिक्सेल रुंदीचा दोर होऊन बसतो. निगेटिव्हवरची धूळ चित्रात पांढरी दिसते, स्लाइडवरची काळी. म्हणून सुती हातमोजे घाला, पट्टी कडेने धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा शिंतोडा उडतो आणि त्याचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. बोटाचा तेलकट ठसा असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं मऊ कापड, तेही चकचकीत बाजूवर, हलक्या हाताने. बुरशीचे कोळ्यासारखे धागे दिसले तर पाणी लावायचं नाही. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पाण्यात विरघळतं, आणि बुरशीबरोबर चित्रही वाहून जातं.

बाजू कुठली ते कसं ओळखायचं? फिल्मच्या एका बाजूला चकाकी असते, दुसरी मंद असते. मंद ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, चित्र तिच्यावर. पट्टी उजेडात धरा, कडेची अक्षरं सुलटी वाचता आली तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे. उलट्या बाजूने स्कॅन केलं तर डावखुरे उजवे होतात आणि दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत.

काही स्कॅनरमध्ये धूळ ओळखणारा इन्फ्रारेड किरण असतो. रंगीत फिल्मच्या रंगांतून तो आरपार जातो आणि फक्त धुळीला अडतो. त्यामुळे धूळ नेमकी कुठे आहे ते यंत्राला कळतं आणि तेवढंच ते पुसतं. पण कृष्णधवल फिल्मवर हे चालत नाही. तिथे चित्र चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजायला लागतं. कृष्णधवल स्कॅन करताना ते बटण बंद. पुन्हा सांगतो, कृष्णधवल असेल तर ते बटण बंद. कोडाक्रोम या कोडाकच्या जुन्या स्लाइडवरही ते नीट चालत नाही.

आता यंत्र. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरच्या खोक्यावर 6400 डीपीआय छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, खरी धार त्याच्या बरीच खाली राहते. 120 च्या मोठ्या फिल्मला फ्लॅटबेड उत्तम, 35 मिलिमीटरला तो कमी पडतो. फिल्म काचेला चिकटली तर इंद्रधनुषी कडी उमटतात, त्यांना न्यूटनच्या कडी म्हणतात. फिल्म होल्डरमध्ये थोडी उचललेली ठेवली की त्या जातात.

ज्यांच्याकडे चांगला डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे, त्यांनी कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचे फोटो काढावेत. एका तासात शंभर फ्रेम सहज होतात. खाली 95 किंवा त्यावरच्या सीआरआयचा (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) एलईडी पॅनेल, कॅमेरा स्टँडवर सरळ खाली तोंड करून, एफ 8, आयएसओ 100, रॉ म्हणजे कच्ची फाइल, दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलचा पडदा दिवा म्हणून वापरणार असाल तर मध्ये दुधी अॅक्रिलिक ठेवा आणि फिल्म पडद्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर, नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात येतात. आणि एक छोटी युक्ती. फिल्मच्या जागी एक आरसा सपाट ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्यात दिसलं तर कॅमेरा फिल्मला समांतर आहे. मध्यातून सरकलेलं असेल तर एक कोपरा धूसर येणार, मग लेन्स कितीही महाग असो.

रंगीत निगेटिव्ह नुसती उलटी केली की चित्र निळं-हिरवं येतं. याचं कारण फिल्मचा तो नारिंगी रंग. तो बिघाड नाही, रंगद्रव्यांची अशुद्धता भरून काढायला कारखान्यातच मुद्दाम घातलेला असतो. आधी फिल्मच्या मोकळ्या कडेवर व्हाइट बॅलन्स घ्या, मगच रंग उलटे करा, आणि लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचं काळं-पांढरं टोक वेगवेगळं बसवा.

आता ती गोष्ट.

सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की नावाचा एक रशियन रसायनतज्ज्ञ होता, जन्म 1863 चा. रंगीत फिल्म अजून बाजारात नव्हती, तेव्हा त्याने रंगीत फोटो काढायचा ध्यास घेतला. पद्धत अशी. सुमारे 9 सेंटिमीटर रुंद आणि 24 सेंटिमीटर लांब काचेची एक उभी प्लेट. तिच्यावर एकच दृश्य तीन वेळा, एकाखाली एक. वरची फ्रेम निळ्या फिल्टरमधून, मधली हिरव्यातून, खालची लालमधून. काचेवर रंग काहीच नाही, तिन्ही फ्रेम काळ्या-पांढऱ्या. पण तीन वेगळ्या काळ्या-पांढऱ्या! झार निकोलस दुसरा याने त्याला अंधारी खोली बसवलेला रेल्वेचा डबा दिला, फिरायची परवानगी दिली, आणि 1909 ते 1915 हा माणूस त्या साम्राज्यात नदीपासून वाळवंटापर्यंत काचा घेऊन फिरला. काचा, श्रोतेहो! आपण फोनमध्ये जागा नाही म्हणून कुरकुरतो.

रंग दाखवायला त्याच्याकडे तीन लेन्सचा प्रोजेक्टर होता. तिन्ही फ्रेमच्या पॉझिटिव्ह प्रती तीन रंगांच्या फिल्टरमधून पडद्यावर एकावर एक पडत आणि अंधाऱ्या सभागृहात रंग उमटे. पण कागदावर? त्याच्या अल्बममध्ये त्याच दृश्यांच्या तपकिरी प्रिंट चिकटवलेल्या होत्या, कुठल्याही जुन्या फोटोसारख्या. रंग काचेत होता, अल्बमच्या कागदावर कधी आलाच नाही.

1918 मध्ये त्याने रशिया सोडला आणि 1944 मध्ये पॅरिसमध्ये तो वारला. 1948 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच्या वारसांकडून तो संग्रह विकत घेतला. 1902 प्लेट. त्या तिथे राहिल्या पन्नास वर्षं. ज्याला रंग पडद्यावर बघायचा त्याला तीन लेन्सचा प्रोजेक्टर लागणार, आणि असा प्रोजेक्टर आणायचा कुठून? "अल्बम आहे की, काचा कशाला हव्यात" असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर वरवर पाहता तर्क बिनचूक होता.

2000 साली त्या काचा स्कॅन झाल्या. तिन्ही फ्रेम संगणकात कापून लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये ठेवल्या आणि एकमेकांवर सरकवून जुळवल्या. 2001 च्या प्रदर्शनासाठी अशी 122 चित्रं तयार झाली. त्यांत मध्य आशियातल्या बुखाऱ्याचा अमीर आलिम खान आहे, 1911 चा. निळाशार झगा, अंगभर फुलं, कमरेला पट्टा. काचेवर निळ्या फिल्टरची फ्रेम पॉझिटिव्ह करून पाहिली तर हाच झगा उजळ दिसतो, लाल फिल्टरच्या फ्रेममध्ये काळपट. दोन्हींतला तो फरक म्हणजेच निळा रंग. बाकी त्या काचेवर रंग म्हणावा असं काही नाही.

आणखी एक गंमत. तिन्ही फ्रेम एकाच क्षणाच्या नाहीत, त्यांच्यात काही सेकंद गेले. डोंगर जागचा हलत नाही, पण पाणी हलतं. म्हणून त्याच्या नद्यांवर लाल, हिरवे, निळे ओरखडे आहेत, इंद्रधनुष्य चुरगळून पाण्यात टाकल्यासारखे. मान हलवलेल्या माणसाच्या भोवतीही तीच झालर. ते पुसून टाकणं सॉफ्टवेअरला अवघड नाही. माझ्या मते मात्र ते पुसू नयेत. पाणी वाहत होतं याचा तोच पुरावा आहे.

2004 मध्ये फ्रेम आपोआप जुळवायची पद्धत तयार झाली आणि उरलेल्या काचांचेही रंग निघाले. काच 1948 मध्ये होती तीच, 2000 मध्ये तीच. बदललं ते फक्त वाचायचं यंत्र. आपला स्कॅनसुद्धा आजच्या यंत्राचं वाचन आहे. म्हणून निगेटिव्ह टाकायची नाही.

वेळ थोडा उरला आहे, बाकीचं भराभर. 35 मिलिमीटरची फ्रेम 4000 डीपीआयवर साधारण 5670 बाय 3780 पिक्सेल होते. 16 बिट टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी फाइल, ठेवली तर एक फाइल 128 एमबीची, म्हणजे 36 चा रोल साडेचार जीबीच्या वर. जागा लागते, पण मूळ फाइल तशीच ठेवा. रंग, धार, कापाकापी सगळं दुसऱ्या प्रतीवर. कणांचे दाणे पुसू नका, फिल्म दाण्यांचीच बनलेली असते. आणि गुळगुळीत चेहरे करून देणारी ती अॅप्स, आजोबांच्या सुरकुत्या घालवून त्यांचा जाहिरातीतला मॉडेल करतात. असो. फोटोच्या कोपऱ्यातल्या त्या नारिंगी तारखेवरही फार विश्वास ठेवू नका. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याची तारीख परत लावणारे लोक मोजकेच होते, आणि अशा खोट्या तारखांवरून घराघरांत वाद झालेले आहेत. तारीख ठरवायची तर पाकिटावरची पावती बघा, फोटोंचा क्रम पट्टीच्या फ्रेम नंबरवरून लावा आणि फाइलच्या नावात वर्ष, रोल, फ्रेम असा क्रम ठेवा.

लॅबला देणार असाल तर आधी दहा फ्रेमचा नमुना करून घ्या. तीन प्रश्न विचारा: किती डीपीआय, टिफ की जेपेग, आणि पट्ट्या कापून देणार की आहेत तशा. पट्टी कापू देऊ नका. फार मोलाच्या निवडक फ्रेमसाठी ड्रम स्कॅन करून घेता येतो, त्यात फिल्म फिरत्या नळकांड्यावर तेलात बसवतात. काचेत बंद स्लाइड असेल तर काचेतून काढल्याशिवाय स्कॅन नको.

पट्ट्या ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या, पीव्हीसीची नको, त्यांतून निघणारा वायू फिल्म खातो. डब्यात सिलिका जेल. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

आणि आज एकच काम करा. डबा उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली आहे. तिचं आम्ल शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. ती पट्टी तिथूनच वेगळी करा आणि स्कॅनच्या रांगेत सगळ्यात पुढे लावा. नमस्कार.