फायबरला हातोडी चालत नाही

मंडळी, मी मोटारींचा माणूस नव्हे. भोसरीत माझं फायबरचं शेड होतं. पाण्याच्या टाक्या, कूलरची खोकी, बसमधली पॅनेलं, असलं काम तीस वर्षं केलं. पुढे मुलीकडे मिशिगनला गेलो, तर तिच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये १९७२ची शेव्हरोले कॉर्व्हेट, फायबरच्या अंगाची अमेरिकी स्पोर्ट्स कार, धूळ खात उभी. पुढचं डावं मडगार्ड फुटलेलं. मी फायबरवाला आहे हे कळल्यावर त्याने मला सोडलंच नाही. दोन उन्हाळे त्या गाडीत गेले.

कॉर्व्हेट जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि जूनअखेर मिशिगनमधल्याच फ्लिंट गावात तयार होऊ लागली. त्या वर्षी गाड्या निघाल्या ३००, बहुतांशी हाताने जुळवलेल्या, सगळ्या पांढऱ्या. पोलादी पत्रा दाबायच्या डाय, म्हणजे लोखंडी साचे, भयंकर महाग, आणि ३०० गाड्यांसाठी तो खर्च कोण करणार? फायबरचा साचा स्वस्तात होतो. पण पुढे हजारोंनी गाड्या निघू लागल्या तरी कॉर्व्हेटचं अंग काही पोलादी पत्र्याचं झालं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपला डेंटर पत्र्याला समजावतो. मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरतो, पुढून हातोडी, आणि पत्रा हळूहळू ऐकतो. फायबर ऐकत नाही. थोडं वाकतं, सोडलं की जागेवर येतं. जास्त ताणलं की तडकतं. फायबरमधल्या काचेच्या तंतूंना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे हीट गनने शेकून हवा तसा आकार देऊ ही आशाही सोडा. इथे आकार बदलायचा म्हणजे कापायचं, हलवायचं आणि मागून नवा थर घालायचा. दुसरा रस्ता नाही.

जुनं मडगार्ड काढण्याआधी मी उजव्या बाजूचे पुठ्ठ्याचे फर्मे कापून घेतले: चाकाच्या कमानीचा एक, वरच्या उंचवट्याचे दोन. उलटे केले की डावीकडे चालतात. हे आधी केलं नाही तर बैल गेला नि झोपा केला. या गाडीची पॅनेलं एकमेकांना मागून फायबरच्याच पट्टीने चिकटवलेली असतात. सांध्यातली पुट्टी घासून काढली की पट्टी कळते. मग थोडी ऊब देऊन पटाशी घालायची आणि सांधा उकलत जायचा. घाई केली तर पट्टीबरोबर शेजारचं चांगलं पॅनेलही जातं.

नवं मडगार्ड आलं ते हाताने मॅट (काचेच्या तंतूंची चादर) घालून केलेलं, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. जाडी कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच. जागेवर धरलं, तर दरवाजाजवळची फट वर तीन मिलिमीटर आणि खाली नऊ! शेजारी ग्राइंडर घेऊन तयार. मी म्हटलं, थांब बाबा. आधी गाडी चारही चाकांवर उभी कर, कारण जॅकवर चेसिस जराशी वळते आणि फटी खोटं बोलतात. दरवाजाचं रबर बसव, कारण नवं रबर दरवाजाला बाहेर ढकलतं. आणि मग खाली वाकून बघ.

खाली काय होतं? बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये रबराच्या गाद्या आणि पातळ पत्र्याच्या चकत्या होत्या. डावीकडची एक गादी कुजून चपटी झाली होती. ती बदलली, एक चकती वाढवली, आणि फट झाली वर पाच, खाली सहा. मडगार्डला हातसुद्धा लावला नव्हता. लोक म्हणतात फायबरची गाडी गंजत नाही. अहो, कातडी गंजत नाही, हाडं गंजतात! या गाडीच्या काचेभोवती आणि दरवाजांच्या खांबांत पोलादी सांगाडा आहे, आणि त्याला गंज आतल्या आत, दिसू न देता खातो. आमच्या नशिबाने तो शाबूत होता.

कमान मात्र खरोखरच चपटी होती, फर्म्यापेक्षा आठ मिलिमीटर आत. तिथे आतल्या बाजूने बोटभर अंतरावर चिरा पाडल्या, लाकडी पट्टीला स्क्रू मारून कड फर्म्याला टेकेपर्यंत बाहेर ओढली, आणि ताण तसाच ठेवून मागून चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे तीन थर घातले. रात्रभर हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून प्रत्येक चीर उतरती घासून तिच्यातही मॅट भरली. नुसती पुट्टी भरली असती तर वर्षात रेषा उमटल्या असत्या. पुट्टी ही गुळगुळीतपणासाठी, ताकदीसाठी नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

इथे कोणी घरी करणार असाल तर दोन गोष्टी. आपल्याकडे कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याला वेग देणारा) आणि हार्डनर (ते घट्ट करणारा) वेगळे मिळतात. ते एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर, साधारण एक-दोन टक्के. आणि आकार घडवायला थर्माकोल घेऊ नका. पॉलिएस्टर रेझिन त्याला साखरेसारखं विरघळवतं. हे मी मखर करणाऱ्या एका हौशी मुलाला सांगितलं होतं; त्याला माझा शब्द पटला नाही, खड्डा पाहिल्यावर पटला.

गाडी १९७३ नंतरची असेल तर आधी चौकशी करा. त्या सुमारापासून कॉर्व्हेटची पॅनेलं साच्यात दाबून केलेल्या एसएमसीची (शीट मोल्डिंग कंपाउंड, म्हणजे रेझिन आधीच मुरवलेले फायबरचे ताव) होऊ लागली, आणि त्यावर साधं पॉलिएस्टर नीट धरत नाही. तिथे इपॉक्सीचा चिकट पदार्थ लागतो.

रंगाआधी मी गाडी दोन आठवडे उन्हात ठेवायला लावली. ताजं रेझिन आवळत राहतं, सांध्याची रेष उमटायची असेल तर ती प्राइमरवर उमटू दे, महागाच्या रंगावर नको. शेजारी रोज सकाळी तळहात फिरवून यायचा आणि म्हणायचा, आज तर रंगवू या. नवव्या दिवशी त्यालाच बोटाला रेष लागली. मग गप्प बसला.

शेवटी रंग झाला, दिवे लावले, आणि डावा पार्किंग दिवा पेटेना. फ्यूज पाहिले, बल्ब बदलला, वायर चाचपली. अर्धा तास गेला. मग लक्षात आलं: त्याची अर्थिंगची वायर मी स्वतःच्या हाताने मडगार्डला स्क्रू केली होती. तीस वर्षं फायबरमध्ये काढलेल्या माणसाने. फायबरच्या मडगार्डला!