टेलरमामांचा स्कॅलप

नमस्कार, श्रोतेहो.

परवा दादरला ब्लाउज शिवायला टाकला. टेलरमामांनी विचारलं, "ताई, बाहीला स्कॅलप करू की साधं पायपिंग?" आणि पावतीच्या मागे अर्धगोलांची एक ओळ काढून दाखवली. मी हो म्हटलं खरं, पण लोकलमध्ये बसल्यावर तो शब्दच डोक्यात घोळायला लागला.

स्कॅलप हा मुळात शिंपला. जुन्या फ्रेंचमधला 'एस्कालोप' म्हणजे शिंपला, तो इंग्रजीत जाऊन स्कॅलप झाला. पुष्कळ इंग्रज 'स्कॉलप' म्हणतात, पण मला आपल्या टेलरमामांचा उच्चार आवडतो. आकार उघडलेल्या पंख्यासारखा, अंगावर उभ्या रेघा, कड लहरी. आतला जीव तर भारीच. तिसऱ्या वाळूत गप्प पडून असतात, कालवं खडकाला चिकटून. हा पठ्ठ्या मात्र दोन्ही शिंपा टाळ्या वाजवल्यासारख्या मिटतो, पाण्याचा झोत सोडतो आणि चक्क पोहत पळतो. कडेनं बारीक डोळे, काही जातींत दोनशेपर्यंत, आणि प्रत्येक डोळ्याच्या तळाशी एक इवलासा आरसा! परदेशात लोक मिटक्या मारत खातात तो मुख्यतः हा टाळ्या वाजवणारा स्नायू. आमच्या मासळीवाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "त्ये काय नाय आपल्याकडं. तिसऱ्या घे, ताज्या हायेत." घेतल्या.

वारकऱ्याच्या गळ्यात जशी तुळशीची माळ, तसा मध्ययुगात स्पेनमधल्या सँतियागोच्या यात्रेकरूंच्या अंगावर हा शिंपला असे. यात्रा करून आलेली घराणी तो आपल्या कुलचिन्हातही घेत. आता गंमत ऐका. लंडनच्या सॅम्युअल घराण्याचा पूर्वेकडून शिंपले आणून विकायचा धंदा होता. पुढे ते तेलात उतरले आणि कंपनीचं नाव ठेवलं 'शेल', म्हणजे शिंपला. १९०४ साली त्यांनी स्कॅलप हे चिन्ह घेतलं. असं सांगतात, की त्यांचं रॉकेल हिंदुस्थानात आणून विकणारे कुणी ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ कंपनीचे संचालक झाले आणि हा शिंपला त्यांच्या कुलचिन्हातून आला. म्हणजे सँतियागोची खूण रॉकेलच्या वाटेनं पेट्रोलपंपावर! मुंबईतल्या जुन्या माणसांना बर्मा-शेल आठवत असेल. माहुलची तिची रिफायनरी १९५५ची. १९७६मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली.

पाश्चात्त्य स्वयंपाकघरात या शब्दाची आणखी भावंडं आहेत. मांसाचा पातळ काप तो एस्कलोप, आणि दुधात भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या त्या स्कॅलप्ड पोटॅटो. शिंपल्याचा तिथे मागमूसही नसतो.

मला खरी ओढ होती ती त्या काठाची. दुसऱ्या खेपेला मामा कामातच सापडले. बांगडी ठेवून खडूनं अर्धगोल आखायचे, अस्तर लावून त्या रेघेवर शिलाई मारायची, मग दोन अर्धगोलांच्या मधल्या कोपऱ्यात अगदी टाक्यापर्यंत कात्रीचा छेद द्यायचा. तो छेद कमी पडला तर उलटल्यावर कापड चुणतं. जास्त गेला तर टाकाच उसवतो.

ते बघताना आठवलं, या काठाला आपल्याकडे शब्द आहे की! कंगोरा. फारसीतला 'कुंगुरा', म्हणजे किल्ल्याच्या तटावरचे दाते. इंग्रजांनी काठाचं नाव समुद्रावरून उचललं, आपण तटावरून. शिवाय आपण ते नुसतं काठापुरतं ठेवलं नाही. एखाद्या प्रश्नालाही आपल्याकडे कंगोरे असतात.

मोठ्या ऐटीत म्हटलं, "मामा, बाहीसारखेच गळ्यालाही कंगोरे करा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे स्कॅलपच ना, ताई?"