स्पंज, नरसाळं, गाळणी, चाळण

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. परात. दोन वयस्कर हात चाळण हलवतायत.)

हा आवाज कुठल्याही मराठी घरातला वाटेल. घर मराठीच आहे, पण खिडकीबाहेर इस्राएलमधलं लोद शहर आहे. आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या. १९६०च्या दशकात अलिबागजवळच्या एका गावातून इथे आल्या. कॅमेरा फार जवळ आला की अजूनही "वाईच थांब" म्हणतात.

परातीत काय पडतंय ते बघा. पिठी खाली गेली. रवा वर राहिला.

(दृश्य : एकेक वस्तू, अगदी जवळून.)

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ज्यू ज्ञानी मंडळींनी गुरूसमोर बसणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि चारही उपमा रोजच्या वापरातल्या वस्तूंमधून उचलल्या. स्पंज, जे येईल ते शोषून घेणारा. नरसाळं, एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. गाळणी, जी द्राक्षारस सोडून देते आणि गाळ तेवढा धरून ठेवते. आणि शेवटी चाळण.

मान चाळणीला. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडे चाळणीत उरतो तो कोंडा. त्यांच्याकडे दळलेल्या गव्हातला दाणेदार रवा सर्वांत उत्तम समजला जायचा. जेरुसलेमच्या मंदिरातल्या अर्पणालाही तोच लागायचा. तो वर राहायचा आणि धुळीसारखी पिठी खाली पडायची. म्हणजे ऐकलेलं सगळंच साठवायचं नाही, सगळंच सांडायचंही नाही. हात हलता ठेवायचा.

(दृश्य : कपाटातले ग्रंथ. एक उघडलेलं पान.)

हे ज्यात आहे त्याचं नाव पिर्के आवोत. पिर्के म्हणजे अध्याय, आवोत म्हणजे वाडवडील. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं नाव मागेन आबोथ, म्हणजे वाडवडलांची ढाल. शब्द तोच, उच्चार तेवढा वेगळा.

मिश्ना हा ज्यू कायद्याचा जुना संग्रह. त्यात ६३ प्रकरणं. शेताचा कोपरा गरिबांसाठी किती सोडायचा, बैलानं शिंग मारलं तर भरपाई किती, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणती कामं बंद, असं सगळं त्यात आहे. त्यातल्या या एका प्रकरणात मात्र कायदा नाही. माणसानं कसं असावं, एवढंच. मूळ अध्याय पाच, सहावा मागून जोडला. वल्हांडण आणि शावुओत या दोन सणांच्या मध्ये सहा शनिवार येतात. दर शनिवारी दुपारी एक अध्याय वाचायचा असा रिवाज पडला.

ते वाचन तुम्हाला दिसणार नाही. शब्बाथला कॅमेरा चालत नाही. आमच्याकडे आहेत उत्तर इस्राएलच्या गालील भागातले काही दिवस, आणि एक शुक्रवार.

(दृश्य : त्सिप्पोरी. दगडी फरसबंदीचा रस्ता. चाकांचे चर.)

त्सिप्पोरी, गालीलमधलं प्राचीन शहर. गाड्यांच्या चाकांनी फरशीत पाडलेले हे चर अजून बोटानं चाचपता येतात. येहुदा हानासी आयुष्याची शेवटची १७ वर्षं या शहरात राहिले. इसवी सन २००च्या सुमारास मिश्नाची मांडणी झाली ती त्यांच्या हातून. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे सगळं गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जायचं.

(दृश्य : जमिनीखालचं टाकं. विजेरीचा झोत भिंतीवरून सरकतो.)

आणि हे शहराबाहेरचं टाकं. खडक खोदून केलेलं, लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. आवाज घुमतो, म्हणून आम्ही आत फार बोललो नाही. भिंतीवर बघा. पाणी झिरपू नये म्हणून दिलेला गिलावा अजून जागोजागी टिकून आहे.

हा गिलावा पाहिला की पिर्के आवोतमधले योहानान बेन झक्काई आठवतात. त्यांचे पाच शिष्य. गुरू प्रत्येकाचा गुण सांगतात. एलियेझर म्हणजे गिलावा केलेलं टाकं, थेंबभरही न गमावणारं. एलाझार बेन आराख म्हणजे उसळता झरा. मग थोर कोण? तराजूच्या एका पारड्यात बाकी सगळे ज्ञानी आणि दुसऱ्यात एलियेझर ठेवला, तर त्याचंच पारडं जड, असं गुरू म्हणाले. लगेच पुढे दुसऱ्या कुणाची आठवण नोंदवली आहे, की नाही, गुरूंनी नाव घेतलं ते एलाझारचं. ग्रंथ दोन्ही ठेवतो आणि पुढे जातो. निवाडा नाही, सारवासारव नाही. आम्हाला हे फार आवडलं.

याच पाचांना गुरूनं विचारलं, बाहेर जाऊन बघा, माणसानं कुठली वाट धरावी? एकजण म्हणाला, चांगली नजर. म्हणजे दुसऱ्याचं भलं बघणारी, हात आखडता न घेणारी. दुसरा म्हणाला, चांगला सोबती. तिसरा, चांगला शेजारी. चौथा, पुढचं बघणं. एलाझार म्हणाला, चांगलं मन. गुरूनं त्याला पसंती दिली, कारण बाकीच्या चौघांचं त्यात येऊन जातं. बेन झक्काई वेढा पडलेल्या जेरुसलेममधून शवपेटीत झोपून बाहेर पडले अशी कथा आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजांनी मंदिर जाळलं आणि विद्येचं केंद्र यावने गावी गेलं.

(दृश्य : रामलाचा बाजार. चपला दुरुस्त करणारे हात. कोळशावर भाजलं जाणारं मांस.)

ही मंडळी मठात बसलेली नव्हती. पिर्के आवोतमध्ये एकाचं नावच योहानान चप्पलवाला असं येतं. त्यातलेच दुसरे ज्ञानी हिलेल बाबिलोनहून आलेले, मोलमजुरी करून शिकलेले. येहोशुआ पाच शिष्यांपैकी एक, आणि पोटासाठी कोळसे पाडणारे. परिषदेचे प्रमुख गामलिएल एकदा त्यांची क्षमा मागायला घरी आले. घराच्या भिंती काळ्याकुट्ट. गामलिएल म्हणाले, भिंतींवरून तुम्ही कोळसेवाले दिसता. येहोशुआंनी उत्तर दिलं, ज्या पिढीचे तुम्ही पुढारी त्या पिढीची कीव येते. विद्वान पोट कसं भरतात हे तुम्हाला ठाऊकच नाही.

ज्ञानाची कुदळ करू नका, असं आणखी एकजण सांगतो. म्हणजे ते वापरून पोटापाण्याचं खणू नका. बिदागी न घेता कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या बुवांना आपल्याकडे जो मान असतो, त्याची जात हीच. आत्मविकासाच्या शिबिरांची फी भरलेल्यांनी हा तुकडा मागे घेऊन पुन्हा बघायला हरकत नाही.

(दृश्य : जुन्या विहिरीचा काठ. दगडावर दोराचे खोल काचे. मग तिबेरियास, टेकडीवरची कबर.)

याच ज्ञानी मंडळींतले अकिवा चाळीस वर्षांचे होईपर्यंत निरक्षर होते. एकदा विहिरीच्या काठाशी थांबले असताना दगड खोलगट झालेला दिसला. कुणी कोरला? रोज पडणाऱ्या पाण्यानं, असं उत्तर मिळालं. मऊ पाणी दगडात शिरतं, तर शब्द माझ्या काळजात का शिरणार नाहीत, असं म्हणून ते मुलाला घेऊन पंतोजींकडे गेले आणि दोघांनी एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवली. दोराच्या काचणीनं चिरा कापला जातो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सगळं आधीच दिसलेलं आहे, तरी निवड माणसाच्या हाती आहे, असं पिर्के आवोतमधलं सर्वांत अवघड वाक्य पुढे याच अकिवांच्या नावावर आलं. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडाच्या काळात, इसवी सन १३५च्या सुमारास, रोमनांनी त्यांना हाल करून मारलं. ही कबर त्यांची मानतात.

(दृश्य : शुक्रवार दुपार. बाजार आवरतोय. धावपळ, पिशव्या, पाव.)

शुक्रवारी दुपारनंतर इथे कुणालाही काही विचारू नये. सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायचं असतं. नेमक्या अशाच वेळी एका माणसानं हिलेलना गाठलं. कुणाशी तरी ४०० झूझची, म्हणजे चांदीच्या नाण्यांची, पैज लागली होती, की मी हिलेलना राग आणून दाखवतो. हिलेल शब्बाथसाठी डोकं धुवत होते. बाहेरून हाक आली. ते अंगावर वस्त्र घेऊन आले. प्रश्न काय, तर बाबिलोनच्या लोकांची डोकी गोल का? हिलेल म्हणाले, प्रश्न मोठा आहे. तिथल्या सुइणी तरबेज नाहीत म्हणून. पुन्हा न्हाणीघर, पुन्हा हाक. पाल्मिराच्या लोकांचे डोळे चिपडे का? वाळूत राहतात म्हणून. पुन्हा हाक. आफ्रिकेतल्यांचे पाय रुंद का? पाणथळीत राहतात म्हणून. शेवटी तो माणूसच चिडला. तुमच्यासारखे फार न होवोत, माझे ४०० गेले. हिलेल म्हणाले, तुझे ४०० जाऊ देत, आणखी ४०० जाऊ देत, हिलेल रागावणार नाही.

(दृश्य : कोरी वही. पट्टीनं रेघा मारणारा हात.)

हे साधायचं कसं, याचं उत्तर फार पुढे पूर्व युरोपात कुणीतरी वहीत आखून दाखवलं. मेनाहेम मेंडेल लेफिन यांचं हेश्बोन हानेफेश, म्हणजे आत्म्याचा हिशेब, १८०८ साली छापलं गेलं. पद्धत त्यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली. आम्ही तसं एक पान आखून बघितलं. डावीकडे तेरा गुण : धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, काटकसर, मौन, सत्य वगैरे. वरच्या बाजूला आठवड्याचे सात वार. एका आठवड्यात लक्ष एकाच गुणावर. चूक झाली की त्या चौकटीत टिंब. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. कीर्द-खतावणीच. लिथुएनियात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, इस्राएल सलांतर यांनी, १८०९ ते १८८३ हा त्यांचा काळ, स्वभाव घडवण्याची मुसार चळवळ उभी केली आणि तिच्यात ही वही वापरात आली. नोव्हारदोकच्या शाळेतली पोरं तर औषधाच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागायची म्हणतात, लोक हसले तरी खचायचं नाही याचा सराव म्हणून. १९४१ साली नाझी फौजा आल्या आणि लिथुएनियातल्या मुसारच्या शाळा माणसांसकट संपल्या.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात धीरापुढे अकरा टिंबं पडली.

(दृश्य : आजींच्या घरातला फोटो. काळ्यापांढऱ्या गर्दीत नऊवारीतल्या बायका.)

दुसऱ्याच्या जागी जाऊन पोहोचेपर्यंत त्याचा निवाडा करू नकोस, हेही हिलेलचंच. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्राएल मुलामुलींची लग्नं लावण्याआधी त्यांच्या वाडवडलांची चौकशी करावी. जे कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवत आले, ज्यांना गाव शनिवार तेली म्हणायचं, त्यांची चौकशी. १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं आणि आदेशातून समाजाचं नाव निघालं.

(दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर. उन्हाची तिरीप ओट्यावर.)

पिर्के आवोतमध्ये सगळंच गोड नाही. पहिल्याच अध्यायात, बायकांशी फार बोलत बसू नका, असंही आहे. पण चाळणीत वर काय राहतं हे ज्यांना ठाऊक होतं, ते स्वयंपाकघरात कुणाशी न बोलता उभे राहिले असतील असं वाटत नाही. आजींना हे वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी चाळण परातीच्या कडेवर दोनदा आपटली. तेवढंच उत्तर.

(दृश्य : मेणबत्त्या, अजून न पेटलेल्या. खिडकीत उतरतं ऊन.)

दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. रवा डब्यात गेला. पिठी वेगळ्या वाटीत. तीही टाकायची नाही, असं आजींनी बजावलं. आता त्या हात पुसतात, डोक्यावर पदर घेतात, घड्याळ बघतात आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणतात, "बाळा, झालं ना? मग बंद कर ते."

(पडदा काळा. काडी ओढल्याचा आवाज नाही.)